दार कोणी उघडायचं

१ डिसेंबर

प्रिय धाकटे,

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. तू म्हणतेस फोन कर. पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं हो हो करते, आणि ठेवल्यावर आठवतं की सांगायचं ते राहूनच गेलं. कागदावर मला मध्ये कोणी तोडत नाही.

काल नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार झाला. वेदीवर जांभळं कापड आलं, फुलदाण्या कपाटात गेल्या. ते कापड कडेला विरलं होतं, मी आठवडाभर आधी मशीनवर घेऊन काठ आत दुमडून शिवून टाकलं. चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं मांडलं, पहिली मेणबत्ती लावली. तुझा दादा असता तर काडेपेटीसाठी सगळे खिसे चाचपत राहिला असता आणि ती शेवटी गायनबाईंच्या हार्मोनियमवर सापडली असती. यंदा काडेपेटी जागच्या जागी होती. मला तेच चुकल्यासारखं वाटलं.

फादरनी यंदा नवीन काढलंय. वेदीच्या पायरीशी एक रिकामी गव्हाण ठेवली आहे आणि शेजारी टोपलीभर पेंढा. ज्याने त्याने नाताळपर्यंत कोणाचं तरी भलं करायचं, गुपचूप, आणि प्रत्येक कामामागे पेंढ्याची एक काडी उचलून गव्हाणीत ठेवायची. बाळ येशू येईल तेव्हा त्याचं अंथरूण आपल्या हातून मऊ झालेलं असावं, असं ते म्हणाले. कोणी काय केलं हे मात्र सांगायचं नाही. मला कल्पना आवडली. घरी येताना मी मनात ठरवतही होते की पहिली काडी कोणाच्या नावाने टाकावी.

पण मला सुचायच्या आधीच लोकांना मी सुचले. संध्याकाळी बेकरीवाली पाव घेऊन आली, तिच्यामागे दातांचे डॉक्टर आले आणि माझ्या जिन्यातला दिवा बदलून गेले. दिवा चालू होता, ग. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "असू द्या, हा जास्त उजेड देईल." आता जिन्यात चोरालासुद्धा संकोच वाटेल इतका उजेड आहे.

बाकी माझं नेहमीचं चाललंय. पहाटे उठते, कोट चढवते, चर्च उघडते. दादा गेल्यावर ती मोठी किल्ली माझ्याच खुंटीवर राहिली, फादरनी मागितली नाही, मी दिली नाही. दार अजून तसंच कुरकुरतं. झाडते, दोन दिवे लावते आणि माणसं येईपर्यंत मागच्या बाकावर बसते.

नाताळला येशील ना? ईस्टरनंतर त्याला पोचवायला आलीस तेवढीच. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझी वहिनी


४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि चोराच्या संकोचाला इतक्या मोठ्याने हसले की मेट्रनबाई दारात येऊन बघून गेल्या.

लोक करतायत तर करू दे ना. तुला कोणाचं काही घ्यायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. दादाच्या आजारपणात तू एकटीने सगळं रेटलंस, कोणाला उंबऱ्याशी येऊ दिलं नाहीस. आता चार दिवस राणीसारखी बस. आणि त्या पहाटेच्या फेऱ्या थंडीत कशाला करतेस? दगडी फरशी, ओलसर भिंती. गुडघे धरले म्हणजे मग शिलाईमशीनचं पायडल कोण मारणार? मला इथे रोज म्हाताऱ्यांचे गुडघे चोळायला लागतात, त्यात तुझे दोन वाढवू नकोस. कोणी हाताखाली आलं तर नाही म्हणू नकोस, एवढंच माझं ऐक.

नाताळचं अवघड आहे. आमच्यातल्या दोघी सुट्टीवर आहेत. मी नसले तर चौदा म्हाताऱ्यांना भरवणार कोण? बघते.

तुझी धाकटी


८ डिसेंबर

प्रिय धाकटे,

तुझा सल्ला मी ऐकला. ऐकण्यावाचून इलाजच नव्हता.

हा आठवडा कसा गेला ते सांगते. मंगळवारी गायनवृंदातल्या दोघी एकाच वेळी माझ्या पायऱ्या पुसायला आल्या. बादली एक, फडकं एक. दोघीही म्हणे कोणाला न सांगता आल्या होत्या, त्यामुळे दोघींनाही दुसरी तिथे असल्याचा राग आला. शेवटी एकीने वरच्या पायऱ्या पुसल्या आणि दुसरीने खालच्या, आणि जाताना दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बुधवारी मी पिशवी घेऊन दोऱ्याची रिळं आणायला निघाले, तर दातांच्या डॉक्टरांनी कोपऱ्यावर गाठलं, पिशवी हातातून घेतली आणि माझ्या घराकडे चालायला लागले. त्यांना वाटलं मी बाजारातून परत येतेय. रिकामी पिशवी इतक्या प्रेमाने कोणी वाहिली नसेल. मला काही त्यांना सांगवेना, म्हणून मीही मागोमाग घरी आले. ते नजरेआड होईपर्यंत दारात थांबले आणि मग परत बाजारात गेले.

घरात आता सहा पातेली आहेत, त्यांतलं कोणतं कोणाचं ते मला माहीत नाही. गुपचूप ठेवून जातात ना.

मलाही एखादी काडी टाकायची होती. म्हणून एक पातेलं घासून त्यात माझ्या हातचं रांधून बेकरीवालीकडे नेलं. तिचा नवरा परगावी आहे, एकटीच असते. ती इतकी खूश झाली की डोळ्यांना पदर लावला आणि मला परत पाठवताना हातात दोन डबे दिले. हिशेब पुन्हा माझ्याच अंगावर. गायनबाईंनी तर गायनवृंदाचे झगे यंदा माझ्याकडे लांबी कमी करायलाही दिले नाहीत. तुम्हाला त्रास नको म्हणाल्या. मग मी करू काय दिवसभर?

आता मुख्य गोष्ट. काल मिस्सेची प्रार्थना संपल्यावर ड्रिल मास्तर माझ्याकडे आले. तुला आठवत असतील, शाळेत तुलाही त्यांनी मैदानात उभं केलं असेल. निवृत्त झाले तरी चालणं तसंच, एक दोन एक. फादर बरोबर होते, आजूबाजूला सगळी मंडळी. मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "ताई, उद्यापासून चर्च मी उघडणार. तुम्ही आता आराम करायचा." आणि हात पुढे केला.

सगळे माझ्याकडे असे बघत होते जशी काही मी बक्षीस घेणार आहे. मी किल्ली दिली. लोकांनी टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवलं होतं.

तर आज मला सकाळी काहीच काम नव्हतं. उजाडेपर्यंत अंथरुणात राहायला हरकत नव्हती. कोट घालून मशीनपाशी बसले होते, कारण कोट घालायची हाताला सवय. दुपारी चर्चवरून गेले तेव्हा मास्तर दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. आता दार मुळीच वाजत नाही. बोटाने ढकललं की उघडतं. फार छान काम केलंय त्यांनी.

तुझ्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी वहिनी


११ डिसेंबर

प्रिय वहिनी,

वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. दोन वेळा वाचलं. शेवटी तुझ्या डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवलं. मास्तरांनी मला एकदा बूट न घासल्याबद्दल पूर्ण मैदानाला फेरी मारायला लावली होती, पण आता मी त्यांना सगळं माफ करते. आणि ते दार! लहानपणापासून त्याचा आवाज ऐकला की माझे दात आंबायचे. दादाला सांगून सांगून थकले होते, तो म्हणायचा, असू दे, कोण आलं ते कळतं.

इथलं एक गमतीचं सांगते. आमच्याकडे एक हेडमिस्ट्रेस आहेत, ऐंशीच्या पुढच्या. जेवण झालं की त्यांना स्वतःचा नॅपकिन स्वतः घडी करायचा असतो. हात थरथरतात. घडी करतात, उलगडतात, टोकाला टोक जुळलं नाही म्हणून पुन्हा करतात. तोवर बाकीच्यांची झोपायची वेळ होते. म्हणून आता आम्ही युक्ती काढली आहे. त्यांचं लक्ष नाही असं बघून मी नॅपकिन उचलते आणि झटक्यात घडी करून ठेवते. काम संपलं. त्या नुसत्या हातांकडे बघत बसतात. स्वभावाने शांत झाल्यात आताशा.

तूही आता अशीच स्वस्थ बस. सुट्टीचं अजून काही नक्की नाही.

तुझी धाकटी


१४ डिसेंबर, रविवार

प्रिय धाकटे,

आज गुलाबी मेणबत्ती लावली. तिसरा रविवार, आनंदाचा. फादरही गुलाबी झगा घालून आले, त्यांना तो खांद्यावर आखूड होतो आणि दरवर्षी त्यांना माझ्याकडे पाठवायचं राहून जातं. गव्हाण आता इतकी भरली आहे की पेंढा बाहेर सांडतोय. बाळासाठी अंथरूण करायचं ठरलं होतं, तिथे गंजी रचली गेली आहे. फादर हसून म्हणाले की आता नाताळला बाळ शोधावं लागेल. सगळे हसले. त्या गंजीत माझी एकही काडी नाही.

मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नाही. लिहीत होते आणि हात आपोआप बरं बरं लिहीत गेला. तू ते वाचून खूश झालीस, त्यावरून मला कळलं की मी किती चांगलं खोटं लिहिते.

मला बरं वाटत नाही, ग. अंग दुखत नाही, ताप नाही. सकाळी जाग येते आणि जायला कुठे नसतं.

तू म्हणशील, घर आहे. पण घरात तुझा दादा फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. घरात मी त्याला शोधतच नाही. तो असायचा तिथे. फरशीवर गुडघे टेकून मेणाचे डाग खरवडताना, घंटेच्या दोराला गाठ मारताना, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मी किल्ली लावायचे, दार कुरकुरायचं, आणि त्या आवाजात मला वाटायचं आत कोणीतरी आहे आणि त्याला कळलं मी आले. मग झाडता झाडता मी त्याला सगळं सांगायचे. कोणाची पँट ढिली झाली, कोणाची घट्ट झाली, लायब्ररीतून कोणतं पुस्तक आणलं आणि त्यातलं काय कळलं नाही. लग्नानंतर मी आपली आपण वाचायला शिकले ते तुला माहीत आहे. तेव्हापासून वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला ते वाचल्यासारखं वाटत नाही. मी देवाला भेटायला जात नव्हते, धाकटे, तुझ्या दादाला भेटायला जात होते. हे फादरना सांगू नकोस. देवाला माहीत असेल, आणि त्याने अजून तक्रार केलेली नाही.

रडारड करत बसले नाहीये. शिवते, वाचते, जेवते. पण आगमनकाळ म्हणजे वाट बघायची, आणि मी बसायचे ती जागाच गेली.

काल फादरना विचारलं की मला झेपत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं. ते गडबडले. म्हणाले, "तुमच्या अगदी जवळच्याच माणसाने कळवलं." मग मला दुसरं कोण सुचणार? गायनबाई माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात, पहाटे माझा दिवा लागलेला त्यांनाच दिसतो. झगेही त्यांनीच दिले नाहीत. आज मिस्सेत शांतीच्या हस्तांदोलनाची वेळ आली, त्यांनी हात पुढे केला आणि मी खांबाकडे वळले. खांबाला काय शांती द्यायची ती दिली.

आणि एक सांगते, त्या हेडमिस्ट्रेसबाईंना त्यांचा नॅपकिन परत दे. त्या शांत झालेल्या नाहीत.

तुझी वहिनी


१६ डिसेंबर

वहिनी,

गायनबाईंशी असं वागू नकोस. त्यांनी काही केलेलं नाही. मी केलंय.

नोव्हेंबरात मी फादरना फोन केला होता. म्हटलं, माझी वहिनी दादाचं काम एकटी ओढते आहे, तिचं वय झालंय, थंडीचे दिवस आहेत, कोणीतरी बघा तिच्याकडे. किल्लीचंही मीच म्हटलं. मास्तरांचं नाव फादरनी सुचवलं आणि मला ते फार पसंत पडलं. बाकीच्यांनी इतकं मनावर घेतलं ते बहुतेक फादरनी चार जणांना सांगितलं म्हणून.

का केलं ते विचारशील. मला तिकडे येववत नाही म्हणून. दोघी सुट्टीवर आहेत ही थाप होती, एकच आहे आणि ती सोमवारी परत येते. अंत्यविधीच्या दिवशी दादाला आत नेलं तेव्हा चर्चचं दार कोणीतरी परक्याने धरलं होतं. माझ्या लहानपणापासून ते दादानेच धरलेलं. मी पळत यायचे, उशीर झालेला असायचा आणि तो दार धरून उभा असायचा, रागवायचा नाही. तिथून पुन्हा आत जायचं म्हटलं की मी भरलेली पिशवी पुन्हा रिकामी करते. मी येत नाही आणि तू तिथे एकटी, हे रोज मनाला लागायचं. मग वाटलं, माझ्या वाटचं बाकीच्यांकडून करवून घ्यावं.

तुझ्याकडून काढून घेतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रोज चौदा माणसांचं काही ना काही काढून घेते मी, त्याला काळजी घेणं म्हणतात इथे.

नॅपकिन परत दिला. हेडमिस्ट्रेसबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे दिवस कुठे ठेवला होतास?" घडी व्हायला इतका वेळ लागला की चहा निवला, मेट्रनबाईंनी मला झापलं. दुपारीही झापलं. रात्री त्यांनी नुसता सुस्कारा टाकला.

तू म्हणशील तर मी आत्ता फादरना फोन करते आणि किल्ली परत द्यायला सांगते.

तुझी धाकटी


१८ डिसेंबर

प्रिय धाकटे,

फोनला हातही लावू नकोस. तुझा एक फोन मला आगमनकाळभर पुरलाय.

तुझं पत्र वाचून मी आधी चांगली संतापले. पातेली आपटली, लोकांची असूनही. मग गायनबाईंकडे गेले आणि दारातच माफी मागितली. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, मला वाटलं माझं सार खारट झालं होतं म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत. सार खारट होतं, पण ते मी आजवर म्हटलेलं नाही आणि पुढेही म्हणणार नाही. त्यांनी मग सगळे झगे आणून माझ्या मशीनवर टाकले, रविवारच्या आत हवेत म्हणाल्या. किती बरं वाटलं.

किल्ली मात्र माझ्या तोंडाने मागायचं ठरवलं. मी दिली तेव्हा माझ्या तोंडाला काही कुलूप नव्हतं. नको म्हणता आलं असतं.

आज पहाटे कोट चढवला आणि गेले. दार लोटलेलं होतं. तेल घातलेलं, त्यामुळे मी आत आले ते मास्तरांना कळलंच नाही. मला वाटलं होतं, ते दोरी लावून बाक सरळ करत असतील. बाक सरळ केलेलेच होते, अगदी कवायतीसारखे. पण मास्तर पुढच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर, पाठ वाकलेली. मी त्यांना वाकलेलं कधी बघितलंच नव्हतं. तोंडाने काहीतरी चाललं होतं. मला परत फिरावंसं वाटलं, खरं सांगते. पण परत फिरले असते तर पुन्हा आले नसते. मी खोकले.

ते उठून उभे राहिले, पाठ सरळ. मला म्हणाले, काही लागलं का, कोणी आजारी आहे का. मी म्हटलं नाही, आणि तिथेच मधल्या वाटेत उभी राहून सांगितलं.

"मास्तर, मला किल्ली परत हवी आहे."

ते म्हणाले, "पण तुम्हाला ते जड होत होतं ना?"

"जड होतंच. पण ते माझं होतं."

मास्तर बसले, आणि मला बसायची खूण केली. धाकटे, तो माणूस मला काय म्हणाला ते मी तुलाच सांगते, तू कोणाला सांगू नकोस. म्हणाले, नोकरीभर दर रविवारी चर्चला आलो ते पोरांना रांगेत उभं करायला. कोण डुलकी घेतंय, कोणाचा बूट वाजतोय. एक प्रार्थना धड ऐकली नाही. आता दहा दिवस इथे एकटा बसतोय, आणि मला पहिल्यांदा काहीतरी म्हणता येतंय. येतंय म्हणजे काय, नुसतं आपलं बोलतो. मग किल्ली खिशातून काढून बाकावर ठेवली आणि विचारलं, "मग मी कुठे जाऊ?"

आता सांग, मी काय करायचं होतं? मी माझी जागा मागायला गेले होते, आणि ती कोणाची तरी झाली होती. मी किल्लीकडे बघत बसले. उचलली तर यांचं जातं, नाही उचलली तर माझं. एकदा वाटलं, राहू दे, घरी जावं. एक काडी तरी पडेल आपल्या नावाने. पण तशी काडी टाकली असती तर ती मला जन्मभर टोचली असती.

मी किल्ली उचलली. म्हटलं, "दार मी उघडीन. तुम्ही आत या."

त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"दार उघडं दिसलं की."

त्यांना ते जरा पचलं नाही. वेळ नाही, शिट्टी नाही. पण मान हलवली. मी सांगितलं की मी झाडताना पुटपुटते, तिकडे लक्ष द्यायचं नाही. ते म्हणाले, मीही पुटपुटतो. ठरलं मग. ते पुढच्या बाकावर, मी मागच्या. बिजागऱ्यांचं काय करायचं, असं त्यांनीच विचारलं, म्हणाले दादा गेल्यावर तो आवाज मला ऐकवेना म्हणून तेल घातलं. मला तर तोच आवाज हवा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चर्चमध्ये असूनही हसलो.

तुझ्यावरचा राग अर्धा गेलाय. उरलेला अर्धा समोर आलीस तर जाईल.

तुझी वहिनी


२० डिसेंबर

प्रिय वहिनी,

सुट्टी मागितली. मेट्रनबाई म्हणाल्या, तू मागायची वाटच बघत होते. हेडमिस्ट्रेसबाईंनी तर सकाळीच माझ्या हाताला धरून विचारलं की तुला घरी माणसं आहेत की नाही. आहेत म्हटलं. मग इथे काय करतेस, म्हणाल्या.

चोवीस तारखेच्या पहिल्या बसने निघते. उजाडताना पोचेन. पण आधीच सांगून ठेवते, चर्चच्या दाराशी येऊन मी थांबले, पाय उचलेना, तर तू बाहेर येऊन मला हाताला धरून आत ओढ. नाहीतर मी तिथूनच घरी जाऊन बसेन आणि म्हणेन डोकं दुखतंय.

दादासारखी दारात उभी राहशील का, वहिनी? एवढं एकच कर.

तुझी धाकटी


२२ डिसेंबर

प्रिय धाकटे,

हे पोस्टाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून गायनबाईंच्या भावाच्या हाती देते आहे. तो उद्या तुमच्या गावाकडे निघालाय. त्यालाही एक काडी टाकायला मिळेल.

काल चौथी मेणबत्ती लावली. कडं आता पूर्ण उजळलंय. आज पहाटे मी दार उघडलं. थोड्या वेळाने मास्तर आले, टोपी काढली, पुढे जाऊन बसले. मी झाडत होते. आधी मला तुझ्या दादाशी बोलायला जरा लाज वाटली, मग विसरले. मास्तरही पुढे कोणाशी तरी बोलत होते. फादर आले तेव्हा आम्हा दोघांना एकाच छताखाली वेगवेगळं पुटपुटताना बघून मागच्या मागे बाहेर गेले. नंतर म्हणाले, मला वाटलं भांडण चाललंय.

आता तुझं. दारात उभी राहा म्हणालीस. मी त्यावर बराच विचार केला, आणि नाही राहणार. ते तुझ्या दादाचं होतं, त्याच्याजवळच राहू दे. मी उभी राहिले तर तू माझ्या तोंडाकडे बघशील आणि तिथे तो नाही म्हणून तुला पुन्हा सगळं आठवेल. मला त्याच्यासारखं उभं राहता येत नाही. प्रयत्न केला तर वाईट नक्कल होईल.

ओढायलाही येणार नाही. तुझा पाय तुलाच उचलायचाय. वेळ लागला तर लागू दे.

बसमधून उतरलीस की घराकडे वळू नकोस, सरळ चर्चवर ये. दार उघडं असेल, मी आत असेन. मी झाडत असेन आणि मागे वळून बघणार नाही, म्हणजे तू बाहेर किती वेळ उभी होतीस ते कोणाला कळणार नाही, मलाही नाही. आत आलीस की उजव्या हाताला खांबाशी दुसरा झाडू ठेवलाय. तो घे आणि डावीकडच्या बाकांपासून सुरू कर. मिस्सेच्या आत संपवायचंय, आणि तिकडचा कोपरा माझ्याने नीट निघत नाही.

तुझी वहिनी